परक्या फर्म्याचे बूट

बूट आले तेव्हा आजोबांनी ते आधी नाकाशी धरले. मग सोल वाकवून पाहिला, टाचेत अंगठा रोवला, कडेची शिवण नखाने खरवडली आणि नातीच्या हातात न देता कामाच्या मेजावर उताणे टाकून दिले.

"शिवण नुसती शोभेची आहे," ते म्हणाले. "सोल वितळवून चिकटवलाय. भट्टीत घातले न् काढले."

या घरात बाहेरचा बूट दुरुस्तीसाठी येई, घालण्यासाठी कधी आला नव्हता. पुढे दुकान, मागे तीन खोल्या. दुकानाच्या भिंतीवरच्या फळीवर घरातल्या प्रत्येकाचे फर्मे ओळीने मांडलेले होते. फर्मा म्हणजे ज्याच्यावर चामडं ताणून बूट चढवतात तो लाकडी पाय. वारलेल्या आजीचेही फर्मे अजून तिथेच होते, आणि त्यांच्यावरची धूळ आजोबा स्वतः पुसत. भिंगरीचे तर दर वर्षी नवे व्हायचे. मूठभर आकारापासून आताच्या अठराव्या वर्षापर्यंत तिचा सगळा वाढता पाय त्या फळीवर होता. सैनिकी अकादमीला याचं काय कौतुक? नव्या कॅडेटना बूट आधी घरी धाडायचे, त्यांनी ते घालून, पळून, पायात बसवून आणायचे आणि तिथे आल्यावर दुसरं काही पायात घालायचं नाही, असा यंदापासूनचा नियम होता. भिंगरीला रुजू व्हायला पाच दिवस उरले होते.

भिंगरी ते नवे बूट घालून त्या सकाळी काकांबरोबर पाठीवर वजन घेऊन नेहमीच्या टेकडीवर गेली. काका म्हणजे तिच्या वडिलांचा धाकटा भाऊ. हातात चामडं टोचायची आरी धरायची नाही म्हणून ऐन तारुण्यात घरातून पळून सैन्यात गेला होता, आणि वीस वर्षांनी परत आला तो पहाटे उठण्याची खोड घेऊनच. आल्या आल्या त्याला ही पुतणी सापडली. पायाला भिंगरी लागलेली पोर, म्हणून नावही त्यानेच ठेवलं. तेव्हापासून सात वर्षं तो तिला पळवत होता. निवड झाल्याचं कळलं त्या दिवशी तो एकटाच गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला होता, कारण घरात कुणी डोळे पुसताना पाहिलेलं त्याला चाललं नसतं.

आई शिलाईयंत्रावर बुटाच्या वरच्या भागाची जोडणी करत होती. दोघं परत आल्याचं तिला न बघता कळलं. या घरात सगळ्यांनाच चालीवरून माणूस ओळखू येतो. तिने ऐकलं ते असं, की दीराची पावलं नेहमीसारखी पडताहेत आणि लेकीचं एक पाऊल ठाम पडतंय, दुसरं अंमळ उशिरा. तिने यंत्र थांबवलं. इतक्या वर्षांत हा आवाज घरात कधी आला नव्हता, आणि तो कधीतरी येणार हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"चावतात का?" आजोबांनी विचारलं. घरात कुणाला काहीही झालं तरी चौकशी याच प्रश्नाने सुरू होई.

"चावत नाहीत हो. मऊ आहेत तसे," भिंगरी दाराची चौकट धरून म्हणाली. "पण कंबर धरलीय. चढावर तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. काका म्हणाले बस, तर मला बसताही येईना."

"मग बूटच वाईट. पाय कधी चुकत नाही, चुकतो तो बूट."

हे आजोबांचं वाक्य. गिऱ्हाइकांना ते इतकं आवडायचं, की दुकानाचं नाव विसरून लोक 'ते पाय न चुकणारे' म्हणून पत्ता विचारत. काकांना मात्र ते लहानपणापासून डोक्यात जायचं.

"अण्णा, मी शेकडो पोरं असल्या बुटांत पळवलीयत," काका म्हणाले. "फोड येतात, नखं काळी पडतात. कंबर धरत नाही. भिंगरे, तुझे घरचे घाल बघू. त्या खांबापर्यंत जा आणि ये."

तिने दारातच बूट बदलले. गेली आणि आली. तीच ती चाल, जिच्याकडे बघत गल्लीतले म्हातारे खुर्च्या बाहेर टाकून बसायचे.

"बघ. म्हटलं नव्हतं?" आजोबा म्हणाले. पण हे त्यांनी मुलाकडे न बघता म्हटलं, आणि त्यांच्या हातातली कापायची रापी चामड्यावर नुसतीच टेकून राहिली.

"जा, अंघोळ कर," आई लेकीला म्हणाली. "गरम पाणी घे कमरेवर. आणि स्लिपर घाल, खिळे असतील खाली."

अनवाणी चालायचं नाही, हा या घराचा कडक नियम होता. खिळे असतात, चामड्याचे टोकदार तुकडे असतात, हे कारण खरंच होतं. पण दुसरंही एक कारण होतं, आणि न्हाणीघरातल्या स्लिपरसुद्धा आजोबांनी स्वतः का बनवाव्यात याचं उत्तर तेच होतं. भिंगरी घरच्या स्लिपर सरकवून आत गेली.

काकांनी दारात पडलेले तिचे घरचे बूट उचलले. ते काही शोधत नव्हते. नुसतेच एका हाताने एक, दुसऱ्याने दुसरा असे धरले आणि तोलून पाहिले, जशी ते कुठलीही गोष्ट तोलून पाहत. मग दोन्ही बुटांत हात घातले. एक हात आत टाचेपर्यंत बुडाला. दुसरा वरच अडला.

"ठेव ते खाली," आजोबा म्हणाले.

काकांनी मेजावरची रापी घेतली आणि हात अडलेल्या बुटाचा आतला तळ टाचेकडून उचकटला. खालून चामड्याचा एक कातीव तुकडा निघाला, टाचेकडे जाड आणि बोटांकडे निमुळता. त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. चौथा निघाला तेव्हा काकांनी रापी ठेवली. घरचं शिवणकाम इतकं सफाईदार होतं, की बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही बुटांत तसूभर फरक दिसला नसता. भिंगरीचे वडील इतका वेळ कोपऱ्यात डिंकाचा ब्रश धुण्यात गुंतले होते. त्यांनी पुढे होऊन उचकटलेला बूट आणि त्याचा जोडीदार उचलले आणि मेजाखालच्या खोक्यात कोंबले. का कोंबले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काही बिघडलं की आधी वस्तू दृष्टीआड करायची, हा त्यांचा स्वभाव.

"दादा, हे काय आहे?"

"तिच्या पायांत आहे थोडा फरक. जन्मतःचा."

"आणि मी सात वर्षं तिला पळवतोय. सात वर्षं! मला एकानंही सांगितलं नाही?"

"तू होतास कुठे तेव्हा?" आजोबा म्हणाले. "आणि आलास तो एकदम तिला कॅडेट करायला निघालास. आम्हाला वाटलं, पोरीचं खूळ आहे, जाईल. गेलं नाही."

"वैद्यकीय तपासणीत कसं सुटलं हे?"

त्याचं उत्तर आईला माहीत होतं. त्या तपासणीच्या दिवशी फाटकाबाहेर ती उभी होती. मुलींची रांग केवढी तरी होती. आत डोळे बघतील, दात बघतील, आणि कुणीतरी एकजण खाली बघेल, अशी तिची खात्री होती. बघू दे, नाही म्हणू दे, म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही. आपल्याच मुलीला नापास करा म्हणून ती मनातल्या मनात परक्या डॉक्टरांना विनवत होती. पण कुणी खाली बघितलंच नाही; भिंगरी हसत बाहेर आली. आईही हसली. घरी येऊन तिने नळ मोठा सोडला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं.

"रुजू होताना पुन्हा तपासतात," काका म्हणाले. "या खेपेला टेप लावून. बोटभर फरक असला तर सोडून देतात. किती आहे हा?"

आजोबांनी मेजावर पडलेले चारही तुकडे एकमेकांवर रचले आणि बाजूला आपलं बोट आडवं ठेवलं. रचलेलं चामडं बोटाच्या चांगलंच वर गेलं.

"दीड बोट," वडील म्हणाले. "पण ऐका. आपण त्यांच्या बुटातच बसवू. शिवण उसवायची नाही, आतला तळ अलगद उचलायचा, पातळ थर द्यायचे. अण्णांनी सांगितलं तर माझे हात करतील. टेप लावतील तेव्हा गुडघा किंचित वाकवून उभं राहायला शिकव तिला. तशीही ती नकळत तशीच उभी राहते. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तिथे पहिल्या आठवड्यात उघडते, दादा. बूट उलटे करून बघतात. आणि नाही बघितले तर आणखी वाईट. ओझं घेऊन चालायचं, तेसुद्धा रोज. माझ्याबरोबरच्या एकाचं खुब्याचं हाड तसंच गेलं होतं. त्याचं कारण निराळं होतं, पण मी त्याला पाठीवरून आणलाय. आजही तो जिना चढताना दोन्ही हातांनी कठडा धरतो." काका खाली बसले. "नाही. हिला जाऊ द्यायचं नाही."

आईने दीराकडे पाहिलं. सात वर्षं हा माणूस तिच्या लेकीला घरातून ओढून नेत होता, आणि सात वर्षं ती त्याला चहा देताना कपाचा आवाज करत होती. आज पहिल्यांदाच दोघं एका बाजूला आले होते. तिला आनंद व्हायला हवा होता.

"मी कळवतो त्यांना," काका म्हणाले. "कावीळ झालीय म्हणतो. किंवा तिलाच सांगू की तिकडून नकार आला. रडेल, चिडेल, महिन्याभरात विसरेल."

"हे बरं," आजोबा म्हणाले. "हे चालेल."

"चालेल," वडीलही म्हणाले.

आयुष्यात ज्यांचं कधी कशावर पटलं नाही, ते बापलेक आणि भाऊ चार वाक्यांत एका विचाराचे झाले. आईला आधी कळलंच नाही की आपल्याला राग कशाचा आला. मग कळलं.

"म्हणजे आता आणखी एक थर," ती म्हणाली. "चार होते, हा पाचवा."

"अगं, तुलाच तर ती जायला नको होती," वडील म्हणाले.

"हो, नकोच होती. अजूनही नको. पण दहा वर्षांची होती तेव्हा मी म्हटलं होतं, डॉक्टरला दाखवू. आठवतंय? अण्णा म्हणाले, डॉक्टर पायाला दोष देतात, आपण बुटाला देतो. आणि तुम्ही म्हणालात, अण्णा बघताहेत ना. मीही मूग गिळून गप्प बसले. दोन वर्षांपूर्वी मी एकटी जाऊन विचारून आले."

"कुणाला?" आजोबांनी विचारलं.

"हाडांच्या डॉक्टरांना. ते म्हणाले, वाढतं वय असताना आणायचं होतं. लांब पायाची वाढ थोडी रोखायची, म्हणजे आखूड पाय त्याला गाठतो. लहानसं ऑपरेशन होतं म्हणे. आता वाढ संपली. आता जे करायचं ते हाड कापून." ती सासऱ्यांकडे वळली. "दहाव्या वर्षी नेली असती, अण्णा, तर आज कुठल्याही दुकानातले बूट घातले असते तिने."

आजोबांनी रचलेले चार तुकडे हाताने ढकलून पसरवले आणि पुन्हा एकत्र केले. वडिलांना बापाचा तो हात बघवेना. आयुष्यभर ज्या हाताचा त्यांनी हेवा केला, तो हात आता नुसताच मेजावर काहीतरी आवरत होता.

"वहिनी, तिला आत्ता सांगू नका," काका म्हणाले. "निदान आज नको."

"भिंगरी!" आईने हाक मारली. "बाहेर ये. आहेस तशी ये."

ती ओल्या केसांनी आली. पाणी गरम होतं, कंबर सैल झाली होती, आणि तेवढ्या वेळात तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं की परक्या बुटांची सवय व्हायला आठवडा लागतो, आपल्याला पाच दिवसांत करायची. मेजाभोवती चौघं. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी गेलं.

आईने सांगितलं. तीनचार वाक्यांतच सांगितलं, कारण जास्त बोललं तर आपण पुन्हा काहीतरी झाकू अशी तिला भीती वाटत होती. पायांत फरक आहे. जन्मापासून आहे. बुटांत थर घालून आम्ही तो भरून काढला. टेप लावली तर तुला घेणार नाहीत, आणि न लावता घेतलं तर तू मोडशील.

भिंगरीने मेजावरचे तुकडे पाहिले. एक उचलला. त्याच्या कडा इतक्या पातळ तासलेल्या होत्या, की बोटाला लागतही नव्हत्या. हे काम कुणाचं ते कुणी सांगायची गरज नव्हती.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला आज कळलं," काका म्हणाले, आणि असं घाईने सुटून गेल्याची त्यांना लगेच लाज वाटली.

"आजोबा?"

आजोबांनी वर पाहिलं. "माझी एक बहीण होती. गल्लीने तिला जन्मभर लंगडी म्हणूनच हाक मारली. तिचं खरं नाव आठवायला मलासुद्धा थांबावं लागतं. माझा बाप बूट शिवायचा, पण त्याने तिच्यासाठी कधी काही केलं नाही. तू पहिलं पाऊल टाकलंस आणि मला कळलं. मी म्हटलं, हिला कुणी हाक मारणार नाही तशी." ते थांबले. "मारली का कुणी? सांग. एकाने तरी?"

"नाही, आजोबा."

"मग झालं तर," ते म्हणाले, पण काही झालेलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

भिंगरीला त्यांच्यावर ओरडायचं होतं. फळी ओढून सगळे फर्मे रस्त्यावर फेकावेत असं वाटत होतं, आणि त्याच वेळी त्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असंही. यातलं काहीच जमलं नाही. तिने स्लिपर काढल्या आणि जन्मात पहिल्यांदा दुकानाच्या फरशीवर अनवाणी उभी राहिली. फरशी गार होती. तिने खाली पाहिलं. दोन पाय होते, आपलेच, बारीक फोड आलेले. पाहून काही कळत नव्हतं.

"खिळे असतील गं," वडील पुटपुटले. मग जरा जवळ आले. "हे बघ, मी बसवतो थर. आतून. कुणाला कळणार नाही. तुला जायचंय ना? मी शब्द देतो, कळणार नाही."

आणि तिला जायचं होतं. एवढं तिला आयुष्यात दुसरं काही हवं नव्हतं. पहाटेची टेकडी, थंडीत फुटलेले ओठ, मैत्रिणींचे हुकलेले वाढदिवस, सगळं त्या एका फाटकासाठी होतं. बाबांचे हात वाईट नव्हते. रोज बूट सगळ्यांच्या आधी घालायचे, सगळ्यांच्या नंतर काढायचे. जमलंही असतं. क्षणभर तिने ते सगळं मनात जगून पाहिलं, आणि त्यात ती सतत कुणाच्या तरी नजरेकडे बघत होती.

"बाबा, मी सही दिलीय त्यांना," ती म्हणाली. "माहीत असलेला कुठलाही दोष लपवलेला नाही म्हणून. सही केली तेव्हा ते खरं होतं."

"आजही कुणी—"

"आज मला माहीत आहे. तुम्ही सगळ्यांनी मिळून जे केलंत ते मी तिथे जाऊन एकटीने करायचं का? रोज? काका, फोन द्या. तुमच्याकडे नंबर आहे."

"नीट विचार कर," काका म्हणाले. "सांगितलंस तर दार बंद. पुढच्या वर्षीही नाही. मी कावीळ म्हणालो तर निदान..."

"तर निदान काय?"

सरळ उभं राहा, खरं बोला, हे सात वर्षं काकांनीच तिच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. त्यांनी नंबर लावला आणि फोन तिच्या हातात दिला. आईने हात पुढे केला होता. तो लेकीच्या खांद्यापर्यंत गेला नाही, यंत्राच्या चाकावर विसावला.

पलीकडे एका बाईंचा आवाज आला, कामात असलेला, पण तुटक नव्हता. भिंगरी आपोआप ताठ झाली.

"मॅडम, मी येत्या तुकडीतली कॅडेट बोलतेय. रुजू होण्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. माझा एक पाय आखूड आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "नाही मॅडम, तपासणीत निघालं नाही. मला माहीत नव्हतं. आज कळलं." पुन्हा थांबली. "घरीच कळलं." आणि मग, "दीड बोट तरी असेल. हो. हो, मला कल्पना आहे. माझी जागा पुढच्या मुलीला जाईल, समजलं. नोंद करा मॅडम."

तिचा आवाज शेवटपर्यंत सरळ राहिला. काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं. दुकानाबाहेर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, आतल्या माणसांकडे बघून घुटमळलं आणि निघून गेलं.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. भिंगरीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिने खाली पाहिलं, एकदा या पायाकडे, एकदा त्या. मग फोन छातीशी दाबून धरला आणि मान वळवली.

"कुठला, विचारताहेत."

"डावा," आजोबा, आई आणि बाबा एकदम म्हणाले.